कापडाच्या दुकानातून उठलेले उस्ताद

रमजानचा शेवटचा अशरा, म्हणजे शेवटचे दहा दिवस सुरू झाले की मशिदींच्या फलकांवर एक आकडा लिहिलेला दिसतो. तो असतो फितऱ्याचा. ईदच्या नमाजेला जाण्याआधी घरातल्या प्रत्येक माणसामागे, अगदी तान्ह्या बाळामागेही, गरिबाला द्यायचे हे दान. ईदच्या दिवशी कोणाच्या घरची चूल विझलेली राहू नये, हा त्यामागचा हेतू. प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या काळात फितरा धान्याच्या किंवा खजुराच्या मापाने दिला जाई. आपल्याकडे मात्र बहुतेक ठिकाणी गव्हाच्या ठरलेल्या मापाचा, म्हणजे साधारण पावणेदोन-दोन किलो गव्हाचा, त्या वर्षीचा बाजारभाव काढतात आणि तेवढी रक्कम रोख देतात.

धान्याऐवजी त्याची किंमत दिली तरी फितरा अदा होतो, हे मत साडेबाराशे वर्षांपूर्वी इराकमधल्या कुफा शहरातल्या एका उस्तादांनी मांडले. इतर काही इमामांना ते मान्य नव्हते. पण या उस्तादांच्या परंपरेचे म्हणणे असे, की दानाचा हेतू गरिबाची गरज भागवणे हा आहे आणि त्याला गहू हवा आहे की मुलाच्या अंगावर घालायला कपडा, हे त्याच्याइतके दुसऱ्या कोणाला ठाऊक नसते. बाजार जवळून पाहिलेल्या माणसाचे हे शहाणपण आहे. आणि ते तसेच होते. हे उस्ताद तरुणपणी कापडाचे व्यापारी होते. चालत्या दुकानातून उठून ते शिकायला बसले आणि पुढे शिकवायला बसले. जग त्यांना इमाम अबू हनीफा या नावाने ओळखते. आदराने त्यांना इमाम-ए-आझम, म्हणजे सर्वांत थोर इमाम म्हणतात.

कुफ्याचा बाजार

त्यांचे मूळ नाव नोमान. वडिलांचे नाव साबित. जन्म हिजरी सन ८०, म्हणजे इ.स. ६९९ चा. फुरात नदीच्या काठचे कुफा हे शहर तेव्हा जेमतेम साठ वर्षांचे होते. दुसरे खलिफा हजरत उमर यांच्या काळात, इ.स. ६३८ च्या सुमारास ते लष्कराची छावणी म्हणून वसले. पुढे हजरत अली यांनी तिथे राजधानी नेली. छावणीचे शहर झाले, शहराला बाजार आला आणि बाजाराबरोबर नाना भाषांची, नाना धर्मांची माणसे आली. अरब टोळ्यांचे सरदार, इराणी कारागीर, ख्रिस्ती आणि ज्यू कुटुंबे असे ते मिश्र गाव होते.

नोमान यांचे घराणे अरब नव्हते. आजोबा झूता हे काबूलकडचे होते, असे बहुतेक चरित्रकार लिहितात. त्या काळी उमय्या घराण्याचे राज्य होते आणि अरबेतर मुसलमानांना मवाली म्हणत. दर्जाने ते एक पायरी खालीच धरले जात. सैन्यात आणि दरबारात त्यांना मोठ्या जागा सहसा मिळत नसत. दोन वाटा मात्र मोकळ्या होत्या. एक व्यापाराची आणि दुसरी विद्येची. साबित यांनी पहिली वाट धरली होती. मुलगाही त्याच वाटेने गेला.

व्यापार होता खझ नावाच्या कापडाचा. रेशीम आणि लोकर मिळून विणलेले हे भारी कापड श्रीमंतांच्या अंगावर असे. अम्र बिन हुरैस यांच्या वाड्यातले नोमान यांचे दुकान गावाला माहीत होते. माल चोख, भाव एक आणि बोलणे गोड, असा लौकिक होता. ते दिसायला देखणे होते, कपडे नीटनेटके घालत आणि अत्तराचा शौक असा की ते घरातून निघाले हे गल्लीला वासावरून कळे. पंचविशीच्या आतच व्यापारात जम बसलेला हा तरुण आयुष्यभर गल्ल्यावर बसला असता, तर कोणी त्याला नाव ठेवले नसते.

एक सल्ला आणि एक न सुटलेला प्रश्न

कुफ्यात शाबी नावाचे मोठे विद्वान होते. एके दिवशी नोमान त्यांच्यासमोरून जात असताना त्यांनी त्यांना थांबवले आणि कोणाकडे निघालास, असे विचारले. नोमान यांनी एका व्यापाऱ्याचे नाव सांगितले. शाबींना ते नको होते. विद्वानांपैकी कोणाकडे तुझे जाणे-येणे आहे, हे त्यांना विचारायचे होते. तिकडे आपले फारसे जाणे होत नाही, असे नोमान यांनी खरे खरे सांगितले. त्यावर शाबींनी त्यांना समजावले की तुझ्यात जाग आहे, हुशारी आहे, ती वाया घालवू नकोस, आलिमांच्या बैठकीत बसत जा. एवढेच बोलणे झाले. पण ते मनात घर करून राहिले.

सुरुवातीला नोमान वळले ते वादविवादाकडे. श्रद्धा म्हणजे काय, पापी माणूस मुसलमान राहतो की नाही, माणसाचे कर्म त्याच्या हातात आहे की नाही, अशा प्रश्नांवर त्या काळी जागोजाग फड रंगत. बसरा हे त्याचे मोठे केंद्र होते. नोमान तिथे अनेकदा गेले, तावातावाने वाद घातले आणि जिंकलेही. नाव झाले.

अशातच एक बाई त्यांच्याकडे आली. तिचा प्रश्न साधा होता. एका माणसाला बायकोला प्रेषितांच्या रीतीप्रमाणे तलाक द्यायचा आहे, तर त्याने तो कसा द्यावा? नोमान यांना उत्तर येईना. जवळच हम्माद बिन अबी सुलैमान यांची बैठक भरत असे. त्यांच्याकडे जाऊन विचारा आणि ते काय सांगतात ते मला परत येऊन सांगा, असे त्यांनी तिला सांगितले. बाई गेली, उत्तर घेऊन आली. एका वेळी एकच तलाक आणि मग इद्दतीची मुदत जाऊ द्यायची, अशी ती रीत होती. ते उत्तर ऐकून नोमान यांनी पायातले जोडे उचलले आणि ते सरळ हम्माद यांच्या बैठकीत जाऊन बसले. मोठमोठ्या वादात बाजी मारणाऱ्याला एका संसारी बाईची अडचण सोडवता आली नव्हती. ते त्यांना फार लागले. तेव्हा त्यांचे वय बावीसच्या आसपास होते.

अठरा वर्षांची शागिर्दी

हम्माद हे एका थोर गुरुपरंपरेचे वारस होते. हजरत उमर यांनी कुफ्याच्या लोकांना शिकवण्यासाठी प्रेषितांचे सहवासी अब्दुल्लाह बिन मसऊद यांना पाठवले होते. त्यांच्याकडून अलकमा शिकले, अलकमांकडून इब्राहीम नखई आणि नखईंकडून हम्माद. ते स्वतः खाऊनपिऊन सुखी होते आणि हात सढळ होता. रमजानमध्ये रोज संध्याकाळी त्यांच्याकडे माणसे इफ्तारला जेवत आणि ईदला त्यांना कपडे मिळत. शिकवणे आणि देणे या दोन गोष्टी एकाच घरात नांदताना नोमान यांनी इथे पाहिल्या.

बैठकीतल्या नव्या मुलाचे पाठांतर आणि प्रश्न पाहून हम्माद यांनी त्यांना लवकरच पुढे, आपल्या समोर बसवायला सुरुवात केली. दहा वर्षे झाली तेव्हा नोमान यांच्या मनात आले की आता आपली वेगळी बैठक मांडावी. एका संध्याकाळी तसे ठरवून ते मशिदीत आलेही. पण हम्माद यांना समोर पाहिले आणि त्यांना सोडून बसणे जिवावर आले. ते गुपचूप नेहमीच्या जागी बसले. नेमके त्याच वेळी बसऱ्याहून हम्माद यांच्या एका नातेवाइकाच्या निधनाची बातमी आली. वारसाहक्काच्या कामासाठी त्यांना जावे लागले आणि जाताना त्यांनी आपल्या जागी नोमान यांना बसवले.

दोन महिने नोमान यांनी बैठक चालवली. त्या काळात साठ प्रश्न असे आले, ज्यांची उत्तरे त्यांनी हम्माद यांच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. आपल्या बुद्धीने त्यांनी उत्तरे दिली आणि ती सगळी लिहून ठेवली. गुरू परतल्यावर तो कागद त्यांच्यापुढे ठेवला. हम्माद यांनी चाळीस उत्तरे बरोबर ठरवली आणि वीस चूक. साठातली चाळीस म्हणजे नापास नव्हे. पण त्या वीस प्रश्नांमागे वीस माणसे होती. कोणाचा संसार, कोणाची मालमत्ता त्या उत्तरांवर अवलंबून होती. त्या दिवशी नोमान यांनी ठरवले की हम्माद हयात असेपर्यंत त्यांची बैठक सोडायची नाही.

ते अठरा वर्षे शागिर्द राहिले. गुरूविषयी अदब अशी की हम्माद यांच्या घराच्या दिशेने त्यांनी कधी पाय पसरले नाहीत. दोन घरांच्या मध्ये सात गल्ल्या होत्या, तरीही. मुलगा झाला तेव्हा त्याचे नाव त्यांनी हम्मादच ठेवले. हिजरी १२०, म्हणजे इ.स. ७३८ मध्ये हम्माद वारले. पुढे ती जागा नोमान यांच्याकडे आली. तेव्हा ते चाळिशीला पोहोचले होते.

गल्ला सुटला, इमान सुटले नाही

इथे एक गोष्ट नीट समजून घ्यायला हवी. व्यापार सोडला म्हणजे त्यांनी दुकानाला कुलूप लावून चावी फेकून दिली असे झाले नाही. ते गल्ल्यावरून उठले. दिवस शिकवण्याला दिला. दुकान भागीदारांवर आणि माणसांवर सोपवले आणि नफ्याकडे पाहण्याची नजर बदलली. आधी दुकान हे आयुष्य होते, आता ते शिकवण्याचा खर्च भागवणारे साधन झाले. वर्षाच्या नफ्यातून ते कुफ्यातल्या विद्वानांना आणि विद्यार्थ्यांना अन्न, कपडालत्ता पुरवत आणि उरलेली रक्कम त्यांच्या हाती देत. आभार माझे मानू नका, अल्लाहचे माना, हा त्याचाच पैसा आहे, असे ते त्यांना बजावत.

व्यापारातल्या सचोटीच्या त्यांच्या गोष्टी आजही मदरशांतून सांगितल्या जातात. एकदा एक बाई रेशमी वस्त्र विकायला आली. तिने शंभर दिरहम किंमत सांगितली. वस्त्र जास्त मोलाचे आहे, असे त्यांनी तिला सांगितले. ती शंभर-शंभराने चढत चारशेवर आली. तरी ते जास्तच म्हणत राहिले, तेव्हा तिला वाटले आपली थट्टा चालली आहे. मग भाव ठरवायला तिऱ्हाईत माणूस बोलावला आणि त्यांनी ते पाचशेला विकत घेतले. विकणारीच्या अज्ञानावर कमवायचे नाही, हा त्यांचा नियम होता.

दुसरी गोष्ट त्यांच्या भागीदाराची. हफ्स बिन अब्दुर्रहमान यांच्याकडे त्यांनी विक्रीला माल पाठवला. त्यातल्या एका कपड्यात दोष होता. गिऱ्हाइकाला तो आधी दाखवा, असे स्पष्ट कळवले होते. हफ्स विसरले. कपडा पूर्ण किमतीत विकला गेला आणि घेणारा कोण होता हेही ध्यानात राहिले नाही. इमाम साहेबांना कळले तेव्हा त्यांनी त्या मालाची आलेली सगळी रक्कम दान करून टाकली. एका कपड्याचा दोष सगळ्या गल्ल्याला लागला, असे त्यांनी मानले.

दोष दाखवूनच माल विकायचा, ही दुकानातली रीत त्यांनी वर्गातही आणली.

असा वर्ग, असे शिक्षण

कुफ्याच्या मशिदीत त्यांची बैठक भरे. शिकवण्याची पद्धत त्या काळाला नवी होती. ते नुसते सांगत नसत आणि विद्यार्थी नुसते लिहून घेत नसत. एखादा प्रश्न मध्ये ठेवला जाई. कधी तो घडलेला असे, कधी उद्या घडू शकेल असा कल्पिलेला. मग प्रत्येकाने आपले मत मांडायचे. कोणी कुरआनाची आयत पुढे करी, कोणी हदीस, कोणी आधीच्या निवाड्याशी तुलना करी, कोणी बाजारातला रिवाज सांगे. आवाज चढत. उस्तादांना विरोध करायची पूर्ण मुभा होती. एकेका प्रश्नावर कधी कधी दिवसच्या दिवस, महिनादेखील खल चाले. एकमत झाले की मगच ते नोंदवले जाई. एखादा जाणकार शागिर्द त्या दिवशी हजर नसेल तर तो येईपर्यंत नोंद थांबवली जाई.

आपल्या लाडक्या शागिर्दाला, याकूब यांना, त्यांनी एकदा बजावले होते की माझे ऐकलेले सगळेच लिहून ठेवू नकोस. आज माझे एक मत असते, उद्या मी ते सोडतो, उद्याचे परवा सोडतो. आपल्या मालातला दोष गिऱ्हाइकाला आधी सांगणारा व्यापारी आपल्या मतातला कच्चेपणाही विद्यार्थ्यापासून लपवत नव्हता. शिक्षकाच्या धंद्यात ही सचोटी कापडाच्या धंद्यापेक्षा अवघड असते.

बाजाराने त्यांना आणखी एक गोष्ट शिकवली होती. सौदा करणारा माणूस शहाणा, सज्ञान असेल तर त्याचा शब्द त्याचा असतो, तिऱ्हाइताने त्यात हात घालू नये. त्यांच्या अनेक निर्णयांत हा विचार दिसतो. सज्ञान स्त्री आपले लग्न स्वतःच्या संमतीने करू शकते, पालकाने केले तरच ते लग्न असे नाही, असे मत त्यांनी दिले. विकलेल्या वस्तूत लपलेला दोष निघाला तर ती परत करण्याचा गिऱ्हाइकाचा हक्क, आगाऊ पैसे देऊन पुढे माल घेण्याचे करार, भागीदारीतले नफ्याचे वाटप, या विषयांवरचे त्यांच्या बैठकीतले विवेचन बारकाईचे आहे. दुकानात बसलेल्यालाच सुचावेत असे प्रश्न त्यात भेटतात.

शिक्षकाची किंमत त्यांना ठाऊक होती. मुलगा हम्माद याने कुरआनातली पहिली सूरह, अल-फातिहा, शिकून पूर्ण केली तेव्हा त्याच्या शिक्षकाला त्यांनी पाचशे दिरहम पाठवले. एवढ्याशा कामाला एवढे पैसे पाहून तो शिक्षक संकोचला. मुलाला जे शिकवले ते लहान समजू नका, जवळ याहून जास्त असते तर तेही दिले असते, असे इमाम साहेबांनी त्याला कळवले.

बैठकीबाहेरही त्यांचे शिकवणे चालूच असे. शेजारी एक चांभार राहत होता. दिवसभर राबायचा आणि रात्री दारू पिऊन मोठ्याने गात बसायचा. रात्रभर इबादत करणाऱ्या इमाम साहेबांच्या कानावर ते गाणे रोज पडे. एका रात्री गाणे ऐकू आले नाही. चौकशी केली तर कळले, गस्तीच्या शिपायांनी त्याला पकडून नेले आहे. सकाळी ते स्वतः अमीराकडे गेले आणि शेजाऱ्याला सोडवून घरी घेऊन आले. त्याला उपदेशाचा एक शब्दही त्यांनी ऐकवला नाही. चांभाराने दारू सोडली आणि पुढे तो त्यांच्या बैठकीत येऊन बसू लागला, असे सांगतात.

धोब्याकडचा मुलगा

ज्या याकूब यांचा उल्लेख वर आला, ते पुढे काझी अबू यूसुफ म्हणून प्रसिद्ध झाले. जन्म इ.स. ७३१ चा, घर अत्यंत गरीब. प्रचलित कथा अशी, की वडील लवकर गेले आणि आईने पोराला कपडे धुण्याच्या कामावर लावले. पोरगा कामावर जायच्या वाटेवरच इमाम साहेबांच्या बैठकीत शिरून बसे. आई येई, हाताला धरून ओढत नेई. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी ती उस्तादांवरच चिडली. मी सूत कातून याला वाढवते, याने चार पैसे आणायला हवेत आणि तुम्ही याला बिघडवता, असा तिचा आक्षेप होता. तो खोटा नव्हता. भुकेल्या घराला विद्येची भाषा कळत नाही, हे इमाम साहेबांनाही कळत होते. ते हसून म्हणाले की हा इथे पिस्त्याच्या तेलातला फालूजज खायला शिकतो आहे. फालूजज हे त्या काळी राजेरजवाड्यांच्या ताटातले पक्वान्न. आपल्याकडच्या फालुद्याचे नाव त्याच शब्दाच्या घराण्यातले. म्हातारा भ्रमिष्ट झाला आहे, असे म्हणत आई निघून गेली.

इमाम साहेबांनी मात्र नुसती थट्टा केली नाही. मुलाच्या हातात शंभर दिरहमांची थैली ठेवली, बैठक सोडू नकोस आणि हे संपले की सांग, असे सांगितले. सांगायची वेळ कधी आलीच नाही. थैली रिकामी होत आली की दुसरी येई, जणू कोणी त्यांना आतून कळवत असे. एका गरीब मुलाच्या शिक्षणाची अशी सोय वर्षानुवर्षे चालली. दुकानाचा नफा इथे खर्च होत होता.

बरीच वर्षे गेली. अबू यूसुफ खलिफा हारून अल-रशीद यांचे मुख्य काझी झाले. इस्लामी इतिहासात हे पद पहिल्यांदा त्यांनाच मिळाले. एके दिवशी खलिफाच्या दस्तरखानावर पिस्त्याच्या तेलातला फालूजज आला. तो पुढे करण्यात आला तेव्हा अबू यूसुफ हसले. खलिफाने कारण विचारले आणि त्यांनी आईची, धोब्याची आणि उस्तादांची सगळी कथा सांगितली.

विकत न घेता आलेला माणूस

शिष्याने जे पद स्वीकारले, ते गुरूने दोनदा नाकारले होते आणि त्याची किंमत अंगावर मोजली होती.

उमय्या राजवटीच्या शेवटच्या दिवसांत इराकचा सुभेदार इब्न हुबैरा याने त्यांना सरकारी पद देऊ केले. राज्य डळमळत होते, लोकांचा विश्वास उडाला होता. अशा वेळी गावाने मानलेला विद्वान आपल्या बाजूला दिसावा, हा सुभेदाराचा हिशेब होता. इमाम साहेब व्यापारी होते, समोरचा काय विकत घ्यायला आला आहे हे ते ओळखत. त्यांनी नकार दिला. तेव्हा त्यांना रोज दहा याप्रमाणे ११० फटके मारण्यात आले, असे चरित्रकार लिहितात. त्या फटक्यांपेक्षा आपल्यापायी आईला झालेले दुःख जास्त सोसवले नाही, असे ते पुढे सांगत. सुटका झाल्यावर ते मक्केला गेले आणि राज्य बदलेपर्यंत तिथेच राहिले.

राज्य बदलले. अब्बासी खलिफा आले. पण खरेदीदाराचे नाव बदलले, सौदा तोच राहिला. खलिफा मन्सूर याने इ.स. ७६२ मध्ये बगदादची पायाभरणी केली आणि इमाम साहेबांना काझीपद स्वीकारण्याचा हुकूम दिला. मी या पदाला लायक नाही, असे त्यांनी उत्तर दिले. तुम्ही खोटे बोलता, असे खलिफा संतापून म्हणाला. मग तर प्रश्नच मिटला, कारण खोटे बोलणारा माणूस काझी होऊच शकत नाही आणि मी खरे बोलत असेन तर मी नालायक आहेच, असा त्यांचा जबाब होता. बैठकीत तीस वर्षे मुरलेले तर्कशास्त्र असे दरबारात उभे राहिले. एका इतिहासकाराच्या नोंदीप्रमाणे खलिफाने काहीतरी काम करून घेण्याची शपथ घेतली होती. ती पुरी करण्यासाठी त्यांच्याकडे नव्या शहराच्या विटा मोजण्याचे काम दिले गेले आणि त्यांनी एकेक वीट न मोजता बांबूच्या मापाने ढीगच मोजले. कापडाच्या गजाची सवय इथे कामी आली असावी.

काझीपद मात्र त्यांनी घेतले नाही. त्यांना बगदादमध्ये कैदेत टाकण्यात आले. हिजरी १५०, म्हणजे इ.स. ७६७ मध्ये तिथेच त्यांची प्राणज्योत मालवली, असे बहुतेक चरित्रकार मानतात. वय सत्तरच्या घरात होते. जनाजाला गर्दी इतकी लोटली की नमाज सहा वेळा पढावी लागली. सरकारने कोणाकडून बळकावलेल्या जमिनीत आपल्याला पुरू नये, अशी इच्छा त्यांनी सांगून ठेवली होती. ती पाळली गेली. तो भाग आज बगदादमधला आझमिया म्हणून ओळखला जातो. इमाम-ए-आझम या त्यांच्या उपाधीवरूनच हे नाव पडले.

फटके आणि कैद सोसण्याचे बळ श्रद्धेतून आले हे तर खरेच. पण त्याला दुकानाचाही हातभार होता. त्यांची भाकरी दरबारातून येत नव्हती. विद्यार्थ्यांची थैलीही खजिन्यातून भरत नव्हती. नोकरी गेली तर शागिर्द उपाशी राहतील ही भीती घालून त्यांना वाकवणे कोणाला शक्य नव्हते. हम्माद यांच्याकडून आलेली विद्या आणि बाजारातून आलेली स्वतःची कमाई, या दोन पायांवर ते उभे होते.

मग अबू यूसुफ यांनी पद घेतले ते चुकले का? तसे कोणी म्हणत नाही. काळ निराळा होता आणि त्या पदावरून त्यांनी हारून अल-रशीद यांच्यासाठी करआकारणीवर किताब-उल-खराज हा ग्रंथ लिहिला. शेतकऱ्यावर झेपेल एवढाच कर लावा, हे त्यांनी खलिफाला त्यात समजावले. गुरूने दरबारापासून लांब राहून जे राखले, ते शिष्याने दरबारात जाऊन वापरले.

घाट आणि कोकण

इमाम साहेबांच्या बैठकीत शेवटच्या काळात एक मुलगा येऊन बसत असे. मुहम्मद शैबानी त्याचे नाव. उस्ताद गेले तेव्हा तो विशीच्याही आत होता. पुढचे शिक्षण त्याने अबू यूसुफ यांच्याकडे पूर्ण केले आणि त्या बैठकीतले ज्ञान मोठमोठ्या ग्रंथांत लिहून ठेवले. हनफी विचारधारा लेखी स्वरूपात टिकली ती मुख्यतः त्याच्यामुळे. याच शैबानी यांच्याकडे बगदादमध्ये शिकायला आले इमाम शाफई. अबू हनीफा ज्या वर्षी गेले, त्याच वर्षी, इ.स. ७६७ मध्ये त्यांचा जन्म झाला होता. अनेक प्रश्नांवर त्यांनी वेगळी मते मांडली, स्वतंत्र परंपरा उभी केली, पण कायद्याच्या विद्येत सगळे लोक अबू हनीफांचे ऋणी आहेत, असे ते मान्य करत.

महाराष्ट्राशी याचे नाते सरळ आहे. घाटावरचे, मराठवाड्यातले, विदर्भातले बहुसंख्य मुसलमान हनफी आहेत, तर कोकणी मुसलमान शाफई. असरच्या, म्हणजे दुपारनंतरच्या नमाजेची वेळ दोन्हीकडे वेगळी धरतात. फितरा रोख द्यावा की धान्य, यावरही मूळ मते वेगळी आहेत. पण कोकणातल्या इमामांचे उस्ताद हे घाटावरच्या इमामांचे शागिर्द होते. मतभेद असूनही अदब राखता येते, हे त्या बैठकीने शिकवले आणि पुढच्या पिढ्यांनी जपले. इंग्रजी अमदानीत कंपनीच्या न्यायालयांसाठी हिदाया या हनफी ग्रंथाचे इंग्रजी भाषांतर इ.स. १७९१ मध्ये छापले गेले. कुफ्याच्या मशिदीत रंगलेल्या त्या चर्चा अशा रीतीने हिंदुस्थानातल्या कोर्टकचेऱ्यांपर्यंत पोहोचल्या.

रमजानमध्ये इमाम अबू हनीफा साठ वेळा कुरआन पूर्ण करत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. दिवसा एकदा आणि रात्री एकदा. तेवढी इबादत सगळ्यांना साधणार नाही. त्यांच्या आयुष्यातला दुसरा भाग मात्र कोणत्याही धर्माच्या माणसाला आपलासा वाटावा असा आहे. दुकान चालवणाऱ्याने मालातला दोष आधी सांगावा. शिकवणाऱ्याने आपल्या मतातला दोष लपवू नये. आणि ज्याच्याकडे चार पैसे जास्त आहेत त्याने आपल्या गावातले धोब्याकडचे एखादे पोर हेरून ठेवावे, थैली संपल्याचे त्याला सांगायला लागण्याआधी.